सतरा दिवसांची हजेरी

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. बायकोला सांगितली नाही, मुलाला सांगितली नाही. इनामगाव का सोडलंत असं कुणी विचारलं तर ठरलेलं उत्तर होतं: मुलगा रेल्वेत, त्याला दौंडला क्वार्टर मिळालं, म्हातारपणी दवाखाना जवळ हवा. यातलं एकही खोटं नाही. पण खरं कारण यात नाही.

निघालो त्या सकाळी दारात टेम्पो उभा होता. कपाट, पिठाचा डबा, हिचं शिलाई मशीन वर चढलं होतं. मी दोर आवळत होतो तेवढ्यात दस्तगीर आला. दस्तगीर म्हणजे गावातला मोटारी भरणारा. विहिरीवरची जळालेली मोटार त्याच्याकडे टाकली की दुसऱ्या दिवशी पाणी चालू. त्यानं माझ्या हातातून दोर काढून घेतला.

"सोडा आबा. तुमच्या गाठीनं कपाट वेशीतच उतरंल."

सगळे हसले. मीही हसलो. जाताना तो माझ्या पाया पडला. त्याच्या मुलीचं नाव त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही. समोर त्याच्या घराचं दार अर्धवट लोटलेलं होतं आणि आतून तार गुंडाळण्याच्या यंत्राची खरखर येत होती. दस्तगीर तर माझ्यापुढं उभा होता. आत कोण बसलंय हे मला माहीत होतं.

सगळी हयात एका कारखान्यात लेथवर टर्नर म्हणून घालवल्यावर मी शिरूरच्या एका कॉलेजात करारावर शिकवायला लागलो होतो. कॉलेज आणि एमआयडीसीतली एक कंपनी यांनी मिळून अभ्यासक्रम काढला होता. आठवड्यातले तीन दिवस वर्ग, तीन दिवस कंपनीत मशीनवर, आणि शेवटी परीक्षा नि हजेरी बघून कायमची नोकरी. उद्घाटनाला कंपनीचे साहेब म्हणाले होते, ज्यांच्या घरातल्या कुणी कंपनीचं गेट आतून पाहिलेलं नाही, त्या मुलामुलींसाठी हे आहे. मला ते मनापासून पटलं. मी गावोगाव हिंडून पोरं गोळा केली. धनगरवस्तीवरची दोघं आणली. दस्तगीरच्या ओट्यावर बसून त्याची मुलगी यास्मिन वर्गासाठी मागितली.

"पोरीची जात, आबा. लेथवर उभी करता व्हय?"

"तुझ्या निम्म्या मोटारी तीच भरती की."

"ते घरात."

"तिथं मी हाय ना."

त्यानं दारातून आत डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "तुम्ही हाय म्हणता, तर न्या."

यास्मिन वर्गात सगळ्यांच्या पुढं होती. तिनं लेथवर कातलेला जॉब मी मापायला घेतला की ती आधीच माप सांगायची, आणि मायक्रोमीटर तेच दाखवायचा. पोरं तिला चिडवायची, "आली शेठाणी, आता सरांची सुट्टी." ती मान वर न करता म्हणायची, "तुझा जॉब बघ आधी, भाकरी भाजल्यागत झालाय."

दुसऱ्या वर्षी कंपनीनं ट्रेनींना सकाळी सातच्या पाळीत घातलं. इनामगावातून निघणारी पहिली एसटी शिरूरला पोचेपर्यंत साडेआठ होत. कंपनीची बस कायम कामगारांसाठी, तीही शिरूरपासून पुढं. मुलं एका मोटारसायकलवर तिघं बसून जायची. यास्मिननं काय करावं? कंपनीला लिहून मागायला हवं होतं की या मुलीची सोय करा. पण कराराचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं. एका पोरीसाठी तक्रार नको, असं मी ठरवलं.

मी वेगळीच सोय केली. तिला सांगितलं, सकाळची पाळी असंल तवा तू कंपनीत जाऊ नको, एसटीनं कॉलेजात ये, आपल्या वर्कशॉपमधल्या लेथवर काम कर. आमच्या हजेरीपटावर मी तिच्या नावापुढं 'कंपनीत' असंच लिहीत गेलो. कंपनीवाले आमचा पट त्यांच्या गेटच्या नोंदीशी कधी ताडून बघत नाहीत, हे आम्हा सगळ्या शिकवणाऱ्यांना ठाऊक होतं. एकदोन दिवसांसाठी असं सगळेच करत. वर तिला बजावलं, "ह्ये कुणाजवळ बोलायचं न्हाई." ती नाही बोलली. असे सतरा दिवस झाले.

नेमणुकांच्या वेळी कंपनीची एचआर मॅडम प्राचार्यांच्या केबिनमध्ये दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून बसली. आमचा पट सांगत होता, 'कंपनीत'. गेटवरचं थंब मशीन सांगत होतं, सतरा दिवस गैरहजर. यास्मिनला आत बोलावलं. मीही होतो.

"मग ही मुलगी होती कुठं?" मॅडमनी मला विचारलं.

मी पट जाणूनबुजून खोटा लिहिला हे उघड झालं असतं तर करार गेला असता आणि बाकीच्या मुलांच्या नोकऱ्याही, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. त्या क्षणी मात्र माझ्या डोक्यात बाकीची मुलं नव्हती. माझी सही होती.

"मला कल्पना नाही," मी म्हणालो.

यास्मिननं याद्यांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. सरांच्या मनात काहीतरी असेल, सर पुढं बोलतील, अशी ती थांबली होती. मी पाण्याचा ग्लास उचलला. अभ्यासक्रमातून तिचं नाव कटलं.

बातमी गावात माझ्या आधी पोचली. स्टँडवरच्या चहाच्या टपरीत मी बसलेलो असताना बोलणं चाललं होतं.

"कंपनीत न्हाई, मग पोरगी जायची कुठं?"

"सतरा दिस म्हंजी काय थोडं झालं का?"

"ओ आबा, तुमच्याच हाताखाली व्हती न्हवं?"

"हं," मी म्हणालो आणि कप खाली ठेवला.

दोन दिवसांनी दस्तगीर घरी आला. बसला नाही. "आबा, ती म्हणती मी कॉलेजातच व्हते, सरांनीच सांगितलं व्हतं. आईची आण घेऊन सांगती. तुम्ही एकदा म्हणा, मी गावाला बघून घेतो."

तो माझ्याकडे मुलीची अब्रू मागत होता, आणि ती माझ्या एका होकारात होती.

"पोरं सांगतात असं काही," मी म्हणालो.

तो मान हलवून गेला. यास्मिनचं बाहेर जाणं त्या दिवसापासून बंद झालं. चार महिन्यांत मी दौंडला आलो.

आता इथं माझी घड्याळाची गरज संपली आहे. स्टेशनवरची अनाउन्समेंट ऐकून गोळ्या घेतो. शेजारी बिहारचे, वर तमिळ कुटुंब. "अंकलजी, चाय?" म्हणतात. इथं मला कुणी आबा म्हणत नाही, आणि सुरुवातीला त्याचाच आराम वाटे. इनामगाव इथून लांब नाही. सकाळी जाऊन जेवायला परत येता येईल. तरी इतक्या वर्षांत एकदाही गेलो नाही. गाव म्हणजे मला आता घोड नदी नाही की घर नाही. ज्या टपरीत एक वाक्य बोलायचं राहिलं, ती टपरी म्हणजे गाव.

म्हणून इनामगावच्या मंडळींनो, आणि गाव सोडून माझ्यासारखे दुसरीकडे गेलेल्यांनो, नीट वाचा. यास्मिन दस्तगीर त्या सतराही दिवशी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये होती. खिडकीजवळच्या लेथवर, माझ्या डोळ्यांसमोर. माझ्या सांगण्यावरून. ती आपल्या बापाशी खरं बोलली होती. खोटं मी बोललो, कंपनीशी, तुमच्याशी आणि दस्तगीरशी. हेच सहीनिशी कॉलेजलाही पाठवलं आहे.

हे धाडस माझं नाही. मागच्या महिन्यात मी दौंड स्टेशनवर फिरायला गेलो होतो. पुण्याकडची डेमू गाडी लागायची होती. कुणीतरी "सर" म्हटलं. यास्मिन होती. ती आता रोज गावाहून दौंडला येते, डेमूनं यवतला उतरते आणि कासुर्डीच्या एका लहान वर्कशॉपमध्ये रोजंदारीवर लेथ चालवते. पुन्हा तसाच अभ्यासक्रम निघालाय, म्हणाली, काम करणाऱ्यांसाठी, पुढं कंपनीत कायम घेतात. पिशवीतून फॉर्म काढून तिनं माझ्यापुढं धरला. 'यापूर्वी प्रशिक्षण अर्धवट राहिले असल्यास कारण.'

"कारण काय लिहू, सर?"

आवाजात राग नव्हता. तिनं पेन उघडून धरलं होतं. गाडी फलाटाला लागत होती.

"घरगुती अडचण लिही," मी म्हणालो.

तिनं पेनचं टोपण लावलं. "बरं," म्हणाली. रकाना कोराच ठेवून फॉर्म पिशवीत घातला आणि डब्यात चढली.

मी बाकड्यावर बसलो. गाडी पुढच्या पाटस स्टेशनच्याही पुढं गेली असेल, तेव्हा मला बोलता आलं. "यास्मिन, तू खरं बोलत होतीस. माझं चुकलं." चांगलं मोठ्यानं बोललो.

शेजारच्या बाईंनी वळून विचारलं, "काय म्हणालात?"

"काही नाही," मी म्हणालो.