योना नबी आणि पापलेट

योना नबीला मोठ्या माशाने गिळलं, त्यात माझा काही दोष नव्हता. त्यानंतर जे घडलं ते मात्र सगळं माझं.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून मुंबईत आलेले मराठी ज्यू. भायखळ्याच्या आमच्या मशिदीत (सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो) योम किप्पूरच्या मोठ्या उपासाला दुपारी योनाचं पुस्तक वाचतात. देवाचं काम टाळून हा माणूस जहाजाने पळतो, वादळात समुद्रात फेकला जातो, माशाच्या पोटात बसून प्रार्थना करतो आणि मग कुठे सरळ होतो. वर्षानुवर्षं ते माझ्या पपांनी वाचलं. यंदा त्यांनी कवळी बसवली, आणि कवळी हिब्रूला तयार होईना. ('ख' म्हटला की बाहेर यायची.)

"सॉली, तू वाच," पपा म्हणाले.

"पपा, मी एकेक अक्षर लावत वाचतो. संध्याकाळ होईल."

"मी चालीवर म्हणतो, तू फोनवर रेकॉर्ड कर. ऐकून ऐकून पाठ होईल."

पपा एका हाताने कवळी सांभाळत स्वयंपाकघराच्या दारात बसले. मासा योनाला गिळतो नेमकं तिथे आई बाजारातून आली. पपांना चाल तोडवेना. त्यांनी त्याच सुरात, तसाच हेल लांबवत गायलं, "अगं, पापलेट साफ करून आणलंस का?" आणि लगेच योनाची प्रार्थना सुरू.

ती ओळ वगळायची, हे मला पक्कं ठाऊक होतं. ऑफिसला जाता-येता, अंघोळ करताना मी ऐकायचो आणि तिथे आलो की स्वतःला बजावायचो, हे सोडायचं. (इतकं बजावलं, की बाकी सगळ्यापेक्षा तीच ओळ जास्त पाठ झाली.)

योम किप्पूरला आदल्या संध्याकाळपासून पाणीसुद्धा नाही. माझं नाव पुकारलं तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. सुरुवात सुरेख झाली. पहिल्या बाकावर पपा डोळे मिटून मान डोलवत होते. जमलं की, असं वाटून मी आवाज आणखी मोकळा सोडला. मासा आला. माशाने गिळलं. आणि माझ्या तोंडून, अत्यंत भक्तिभावाने, निघालं,

"अगं, पापलेट साफ करून आणलंस का?"

पहिल्या बाकावर पपांनी खाडकन डोळे उघडले. एवढ्यावरही निभावलं असतं. पण वर बायकांच्या सज्ज्यात आईला उपासाने डुलकी लागली होती, आणि माझा आवाज हुबेहूब पपांचा. तिने झोपेतच उत्तर दिलं,

"आणलं हो. तुम्ही आधी नारळ खवून द्या."

मग कोणाचाच धीर टिकला नाही. मागून कोणीतरी विचारलं, "तळणार की कालवण?" हसता हसता पपांची कवळी हातात आली. मशिदीचे मुकादम, म्हणजे आमचे प्रमुख, प्रार्थनेच्या शालीत तोंड खुपसून गदगदत होते. शेवटी डोळे पुसत म्हणाले, "चल, पुढे वाच. योना पोटातच आहे अजून."

मी वाचलं. योनाला बाहेर काढलं आणि पुस्तक शेवटापर्यंत नेलं.

उपास सुटल्यावर सगळे सरबत पीत उभे होते. फ्लोरामावशी, आमच्या मशिदीतली सगळ्यात म्हातारी बाई, कठडा धरत खाली आली. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बाळा, लहानपणापासून योना ऐकतेय. आज पहिल्यांदा एक ओळ समजली. फक्त एवढं सांग, ते योना म्हणाला की मासा?"

"दोघंही नाही, मावशी," मी म्हणालो. "ते गाढव म्हणालं."