रांग रिकामी होती, तरी तो थांबेना

आधीच सांगते, भूतबित, करणीबिरणी असलं माझ्यासमोर काढायचं नाही. कुणी काढलंच तर मी म्हणते, "लॉग दाखव, कॉम्प्युटरमधली नोंद दाखव, मग बघू." त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण घडलंय ते घडलंय.

मी थेरगावला राहते. चाकणला ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअर बघते. तपासणीचं मशीन प्रत्येक पार्ट बघून एक मेसेज पाठवतं — पास, नाहीतर फेल. मेसेज रांगेत थांबतात, माझा प्रोग्राम एकेक उचलून नोंदवतो. काम संपल्यावर रांग रिकामी झाली की त्याने आपणहून बंद व्हायचं. ही अट मी स्वतः लिहिलीय, आणि झकास लिहिलीय!

दोनेक वर्षं झाली. खंडेनवमीची दुपार. मशीन्स बंद करून, पुसून, हार घालून पूजेला तयार. आमच्याकडे एकदा हार चढला की दुसऱ्या दिवसापर्यंत मशीनला कुणी बोटसुद्धा लावत नाही. सर्व्हरही बंद करायचा होता, म्हणून मी प्रोग्राम थांबायची वाट बघत बसलेले. रांग रिकामी, आणि हा पठ्ठ्या चालूच!

मॅनेजर किशोर सर वैतागले. "मॅडम, किल करा ना तो. भटजी खोळंबलेत, मालाची गाडी सोडायचीय."

"सर, तो थांबत नाही म्हणजे काहीतरी राहिलंय. गाडी सोडू नका."

"अहो, शून्य दिसतंय की राव स्क्रीनवर!"

मलाही शून्यच दिसत होतं. बोलून तर बसले. चुकले असते तर वर्षभर माझी चेष्टा झाली असती. पण हटले नाही.

आणि मेसेज आला. पार्टवर कोरलेला नंबर, पुढे — फेल. लगेच प्रोग्राम आपला आपण बंद झाला.

मी धावत शॉपवर, मशीन्सच्या शेडमध्ये गेले. मशीन चालवणारे बबनराव हात जोडून उभे होते. "ताई, मशीन कवाच बंद केलंय. पिन बी काढलीया, ही बगा."

पिन खरंच खाली लोंबत होती. मी नंबर सांगितला तसा त्यांचा चेहरा पडला.

"त्यो शेवटचा पीस... पूजेची घाई, म्हून तसाच पेटीत टाकला. मशीनला लावलाच न्हाई ओ!"

गाडीतून पेटी उतरवली, तो पीस शोधला. काठाला केसाएवढी चीर! कुणाच्या तरी गाडीत बसला असता तो... अंगावर सर्रकन काटा आला.

जुना अडकलेला मेसेज असेल? नाही, वेळ पिन काढल्यानंतरची. कुणी चेष्टेने पाठवला? सगळं तपासलं, तसंही काही नाही. न तपासलेल्या पार्टचा निकाल बंद मशीनने दिला कसा, आणि त्याची वाट बघत माझा प्रोग्राम चालू राहिला कसा... मला आजही सांगता येत नाही. पण अभिमान वाटतो, खूप वाटतो, का लपवू?

आता दर खंडेनवमीला किशोर सर मालाच्या गाडीची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवतात आणि शेजारी उभे राहतात. प्रोग्राम बंद झाला, की मी किल्ली देते.