काविळीचा पाला

ईशा, निखिल — हे मी तुमच्या आजोबांनाही सांगितलं नव्हतं. त्यांच्या शेवटच्या आजारात मी दिवसदिवस उशाशी बसून होते, बोलायला दुसरं काही उरलंही नव्हतं — तरी नाही सांगितलं. तुमच्या आईला नाही. देवापुढे बसते तिथेसुद्धा हे शब्दांत कधी आणलं नाही. त्याला ठाऊकच असेल, असं म्हणून तिथूनही सुटका करून घेतली.

मी नीटनेटकी बाई, तुम्ही मला हसता त्यावरून. मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या, कपाटात घडीला घडी जुळलेली. पण हे कुठून धरावं ते कळत नाही. आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं, तुम्हाला सोपं जावं म्हणून. फाडून टाकलं. इंग्रजीत मी फार समंजस वाटायला लागते — आणि या गोष्टीत मी समंजस नव्हते.

ईशा, मागच्या फोनवर तू किती आनंदात होतीस. तुमच्या प्रयोगशाळेत झाडपाल्यातून औषधं शोधतात, आणि तू तिथल्या लोकांना तुझ्या पणजीची गोष्ट सांगितलीस — नांदूरघाटला आमच्या घरी काविळीचं औषध मिळायचं, लांबून लांबून माणसं यायची, कुणाकडून काही घेत नसत. सगळे म्हणे ऐकत राहिले. मग तू मला झाडाचं नाव विचारलंस. मी म्हणाले, आठवत नाही गं. तू हसून म्हणालीस, आजी, तू आणि विसरणार?

नाही विसरले. कशी विसरेन?

माझं माहेर हैदराबादचं. वडील रेल्वेत होते, शाळा-कॉलेज सगळं इंग्रजीतून झालं, वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली आणि लग्न होऊन नांदूरघाटला आले — भुसार मालाच्या दुकानदारांच्या घरी. घर शिवभक्त, माणसं वाईट नव्हती. पण माझ्या शिक्षणाचं तिथे काही कामच नव्हतं, म्हणून त्याची चेष्टा व्हायची. पाट्यावर चटणी वाटायला बसले की मोठ्या जाऊबाई म्हणायच्या, "इंग्रजीत वाटलं तर लवकर बारीक व्हतंय का वो बाई?" सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. वर्षानुवर्षं हसत होते.

त्या घरात मान होता तो सासूबाईंना. सारा गाव त्यांना अव्वा म्हणायचा. रविवारी दिवस उगवायच्या आत त्या एकट्याच बाहेर जायच्या, पदराखाली पाला घेऊन यायच्या, वाटून त्याचा रस ताकातून द्यायच्या. अंगणात ओळीनं माणसं बसलेली असायची, पिवळ्या डोळ्यांची. तीन रविवार औषध. तेल-हळद बंद. आणि एक कडक पथ्य — तीन रविवार पुरे होईपर्यंत दवाखान्याची गोळी नाही, सुई नाही. दोन औषधं पोटात भांडतात, असं अव्वा म्हणायच्या. देणाऱ्यालाही बंधनं होती. पैसा घ्यायचा नाही. आणि त्यांनी मला पुढे शिकवलं ते त्यांच्याच शब्दांत सांगते — "नाव सांगितलं की गुण जातो. अन् दारात आलेल्याला न्हाई म्हणायचं न्हाई."

अव्वांना अर्धांगवायू झाला आणि उजवा हात गेला, तेव्हा त्यांनी नाव न सांगण्याची शपथ घालून पाला दाखवायला मला नेलं. जाऊबाईंना नाही — मला. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्या रविवारपासून माणसं माझ्या पाया पडू लागली. मोठमोठे बागायतदार, जीपगाड्यांतून येणारे पुढारी, अंगणात खाली बसून माझी वाट पाहायचे. चटणीवरून कुणी काही बोलेना.

हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं यातूनच आलं आहे.

ते नव्वद सालानंतरचे दिवस. गावात टेलिफोनचं बूथ आलं होतं, केबल आली होती, रोज पेपरात कुठल्यातरी नव्या कंपनीचं नाव. माझी कॉलेजातली मैत्रीण सुलभा हैदराबादेत औषधांच्या एका कंपनीत होती, झाडांचे अर्क तपासायच्या विभागात. माझ्या डोक्यात आलं — हा पाला तिला द्यावा. त्यातून खरोखरीचं औषध निघालं तर? बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातून, एका सुनेनं शोधलेलं? अव्वांची शपथ मोडू नये म्हणून मी नाव सांगितलं नाही. माहेरी जाताना ओल्या फडक्यात गुंडाळून फांदीच नेली. केवढी हुशारी वाटली मला स्वतःची. सुलभानं ती क्षणात ओळखली.

बरेच महिने गेले. मग तिचा निरोप आला म्हणून मी बूथवरून फोन केला. तिनं काही आडपडदा ठेवला नाही. अर्क उंदरांना देऊन पाहिला होता. यकृताला आराम पडणं दूरच, त्याला इजा होत होती. आणि तुझ्याकडे येणारी बरी होतात ती का, माहीत आहे ना, असं तिनं विचारलं. बहुतेक कावीळ आपसूक उतरते. तीन रविवार थांबलं की उतरतेच. पाला दिला काय अन् नुसतं ताक दिलं काय.

मग तिनं आणखी एक सांगितलं, आणि ते मला परत म्हणायला लावलं. पोटुशी बाई आली तर एक दिवसही थांबवू नकोस. गरोदरपणात हीच कावीळ जीव घेते. मोठ्या दवाखान्यातही वाचेलच असं नाही, पण निदान तिथे पोचू दे.

मी परत म्हटलं. मला समजलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे — मला पूर्ण समजलं होतं.

बूथमधून बाहेर आले ती काय ठरवून आले असेन? पुढच्या रविवारपासून बंद करायचं, हेच. पण पुढच्या रविवारी अंगण भरलेलं होतं. मी पाला कमी घातला. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी कमी. मनाला सांगितलं, आता इजा होणार नाही, नुसतं ताकच तर आहे. आणि कमी पाल्यानंही माणसं बरी होत होती, पाया पडत होती. मग बंद कशाला करायचं? अव्वा ओसरीवर खाटेवर पडल्या पडल्या ऐकत असायच्या. त्यांना काय सांगायचं — तुम्ही जन्मभर जे दिलंत ते विष होतं? अव्वांना दुखवायचं नव्हतं, हे कारण मी पुष्कळ वर्षं जवळ बाळगलं. त्या गेल्या. त्यानंतरही मी देत होते. मग ते कारण कुठे राहिलं?

आता हमीदाबी. आमच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत राहायची, बांगड्या भरायची. तुमच्या आईला पहिल्या बांगड्या तिनंच भरल्या. माझ्याशी मोकळेपणानं बोलणारी गावातली ती पहिली बाई. चेष्टा तीही करायची, पण तोंडावर, आणि मग माझा हात हातात घेऊन बसायची. तिला एकच मुलगी, शमीम. माजलगावला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा लागला होता.

त्या रविवारी हमीदाबी तिला घेऊन आली. शमीम भिंतीला टेकून उभी राहिली, बसवत नव्हतं तिला. डोळे हळदीसारखे. अंगणात नेहमीची गर्दी होती. हमीदाबी पुढे आली आणि हळूच म्हणाली, "बाई, जावई म्हणायलाय अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेऊ. नेऊ का? तुमी म्हणाल तसं करते."

नीट वाचा. तिनं विचारलं होतं. जावई न्यायला तयार होता. जीपवाला ओळखीचा होता. मला फक्त 'न्या' एवढंच म्हणायचं होतं.

पण सगळी ओळ माझ्याकडे बघत होती. एका गरोदर बाईला मी दवाखान्यात पाठवते आहे, म्हणजे पाल्यावर माझाच भरवसा नाही — असं त्या ओळीतल्या कुणाला वाटलं असतं का? बहुधा नसतंच. पण मला तसं वाटलं. अव्वांनी कुणाला परत पाठवलं नव्हतं. मी पाठवणार होते. उद्या जाऊबाई काय म्हणतील, हे माझ्या मनात आलं. हो, त्या क्षणी हेच आलं — चटणी.

मी म्हणाले, "तीन रविवार होऊ द्या."

आणि शमीमच्या हातात वाटी दिली. तिनं माझ्याकडे बघून हसून ती प्यायली. वाटीत पाला नावालाच होता. तेवढी काळजी मी घेतली होती बघा.

तो आठवडा मी कसा काढला? काढला. स्वयंपाक केला, पाहुणे आले त्यांचं केलं, उन्हाळ्याचे पापड लाटले. मागच्या गल्लीत जाऊन 'न्या गं तिला' म्हणायला दोन पावलं होती. रोज दुपारी वाटायचं, आता जावं. रोज वाटायचं, गेले तर रविवारचं बोलणं खोटं ठरेल. दुसरा रविवार उजाडायच्या आत शमीमची शुद्ध हरपली. मग त्यांनी कुणाला न विचारता जीपमध्ये घातलं. केजच्या पुढे घाटाआधीच ती गेली. पोटातलंही गेलं.

तुम्हाला वाटेल, हेच ते सांगायचं होतं. मलाही पुष्कळ वर्षं वाटायचं की हेच आहे. नाही. एवढंच असतं तर कदाचित मी तुमच्या आजोबांना सांगू शकले असते.

शमीमचा चाळिसावा दिवस झाल्यावर हमीदाबी माझ्याकडे आली. मला वाटलं, आता विचारेल. मी दाराशी उभी होते, जे काय असेल ते ऐकायला तयार — खरंच तयार होते असं वाटतं. ती आत आली आणि माझे पाय धरले.

"बाई, मीच मारलं तिला. अंग तापलं म्हणून जावयानं आणलेली गोळी दिली वो. तुमी नको म्हणलं होतं अन् मी दिली."

तापाची साधी गोळी. तेवढ्यानं काय होणार होतं? काही नाही. मला माहीत होतं. सुलभाचा आवाज मला अजून तोंडपाठ होता. एक वाक्य पुरलं असतं — त्या गोळीनं नाही झालं, हमीदाबी. त्यापुढचं नाही सांगितलं तरी चाललं असतं. माझं काही उघडं पडलं नसतं. त्या एका वाक्यात मला काहीच गमवावं लागणार नव्हतं.

मी म्हणाले, "पथ्य मोडायला नको होतं."

का म्हणाले? इतकी वर्षं उलटून पालटून पाहिलं आहे. सापडतं ते एवढंच, की तिनं स्वतःहून ओझं उचललं आणि मला हलकं वाटलं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! त्या दिवशी मी पोटभर जेवले.

पाला मी पुढेही काही वर्षं दिला. मग हात दुखतात म्हणून सोडला. हात दुखत नव्हते. सोडताना जाऊबाईंच्या सुनेला झाड दाखवावं लागलं, तशी रीतच होती. ती अजून देते. आता रस्त्यावर बोर्ड आहे, कमानीसारखा, अव्वांच्या फोटोसकट. मध्यंतरी धीर करून मी तिच्या नवऱ्याला म्हणाले की हे बंद करा, याच्यानं अपाय होतो, तपासलेलं आहे. तो हसला. "काकू, सगळ्या जगाला गुण येतोय अन् तुमालाच कावून अपाय दिसायलाय?" मी कुणी तपासलं, केव्हा तपासलं, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. रविवारी अंगण अजून भरतं. त्यात पोटुशा बाया असतीलच.

ईशा, झाडाचं नाव मी इथेही लिहीत नाही. अव्वांच्या शपथेसाठी नव्हे. तू चांगली शोधणारी आहेस. नाव मिळालं तर तू तपासशील आणि तुला तेच दिसेल जे सुलभाला दिसलं. त्यात नवीन काही नाही. तुझ्या लोकांना मात्र ही गोष्ट पुन्हा सांगू नकोस.

हमीदाबी पुढे पुष्कळ जगली. बांगड्या भरायचं तिनं सोडलं. ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन यायची, ओसरीच्या पायरीवर बसायची, वर ये म्हटलं तरी यायची नाही. थोडं इकडचं तिकडचं बोलून झालं की दर वर्षी तेच म्हणायची. तुमच्या घरच्या औषधाला माझ्यामुळं बट्टा लागला बाई, मला माफ करा.

आणि मी दर वर्षी तिला माफ करत होते.