आत्यांच्या खोलीची पश्चिमेची भिंत

एप्रिलचा दुसरा शनिवार, सकाळची वेळ. हजर: मी, माझे यजमान, सासूबाई आणि मिस्त्री. गैरहजर: धाकटे दीर, पुण्याला. पण भिंतीचा खर्च त्यांचा होता, म्हणून त्यांनाही धरते.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. गेल्या उन्हाळ्यात त्या दोनदा चक्कर येऊन पडल्या. त्यांच्या खोलीची पश्चिमेची भिंत मोकळ्या प्लॉटकडे आहे. दुपारभर ऊन पिते आणि रात्री तेच आत सोडते. यंदा त्यांना गार खोलीत ठेवा, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं. गार खोली घरातच आहे. पूर्वेची, दिरांची. ते दिवाळीला आणि एखाद्या लग्नकार्याला येतात तेव्हा उघडते, एरवी कुलूप. आत त्यांच्या लग्नातला पलंग आणि चादरी टाकलेला सोफा. किल्ली खुद्द आत्यांच्या कमरेला.

मी ती खोली सुचवली तेव्हा कोणी नाही म्हणालं नाही. हो पण म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी दिरांनी फोन करून सांगितलं की भिंतीला आतून अस्तर करून घ्या, पैसे मी देतो. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझा नाही, पण करायचंच तर नीट करायचं, म्हणून सामान मीच आणलं.

काम सरळ होतं. भिंतीला पत्र्याच्या पट्ट्यांची चौकट ठोकायची. तिच्या खणांत काचेच्या लोकरीच्या गाद्या बसवायच्या, दाबून नाही, कारण दाबलेली लोकर ऊन अडवत नाही. त्यावर खोलीच्या बाजूने जाड प्लास्टिक. आत्यांच्या खोलीत कूलर चालतो. त्याची ओल लोकरीत शिरली तर तिची ओली गोधडी होईल. प्लास्टिकचे जोड एकावर एक चढवून चिकटपट्टीने बंद करायचे आणि शेवटी सिमेंटच्या शीट स्क्रूने आवळायच्या.

लोकरीची कुसं अंगाला टोचतात, म्हणून आत्यांची खाट बाहेर काढली. यजमानांनी ती स्वयंपाकघरात नेली. ओट्याला लागून, गॅसच्या समोर.

मिस्त्री कुंभारीहून आलेला, बोलका. त्याने कुलपाकडे बोट केलं. "ही खोली मोकळी हाय न्हवं? आजीची खाट हितंच टाका की."

"ती धाकट्याची हाय," आत्या म्हणाल्या.

"मग धाकटे कुटं हायत?"

"पुण्याला."

"म्हंजे सोफा एकटाच गारव्याला बसलाय म्हना की."

आत्यासुद्धा जरा हसल्या. यजमान वाकून स्क्रू शोधायला लागले. डबा त्यांच्या हातातच होता.

रविवारी दुपारी प्लास्टिक लावताना वरचं टोक मी धरलं होतं. तेवढ्यात काम कुठवर आलं ते विचारायला दिरांचा फोन आला. माझे हात अडकलेले, म्हणून यजमानांनी तो स्पीकरवर लावला. रात्रभर स्वयंपाकघरात कुशी बदलणाऱ्या आत्या मी पाहिल्या होत्या. मी विचारलंच. भावोजी, पाऊस पडेपर्यंत आत्यांना तुमच्या खोलीत झोपू द्या. भिंत काय, होईल तेवढी होईल.

 ते म्हणाले, "वहिनी, आज खोली मागताय. उद्या हिस्सा सोडल्याचा कागद सहीला पुढे कराल."

यजमानांनी "बरं, ठेवतो" म्हणून फोन बंद केला. सख्ख्या भावाला एवढंच. मिस्त्रीने माझ्या हातातलं टोक घेतलं आणि पट्टी चिकटवली.

आत्या दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता किल्ली काढतील. त्या माझ्यावरच उखडल्या.

"तुला कुनी सांगितलं हुतं मागायला? ती खोली मोडली तर त्यानं यायचं कुटं?"

मी म्हटलं, तुम्ही पडलात तर भावोजी येणार कुणाकडे? त्या "साकु" म्हणाल्या. पुरे. विषय बंद करायचा असला की त्या कानडीत करतात.

सोमवारी शीट लागल्या. चार बोटं खोली कमी झाली, कपाटाचं एक दार आता अर्धंच उघडतं. भिंतीला हात लावला तर पूर्वीसारखा चटका बसत नाही, हे खरं. आत्या दिरांना फोनवर सांगतात, लई गार झालंय, तुजी आठवण काडते. दुपारी मात्र पदर ओला करून स्वयंपाकघराच्या फरशीवर आडव्या होतात. भिंत अडवली तरी डोक्यावरचा स्लॅब तापतोच.

स्लॅबवर पांढरा लेप द्यायला हवा. मिस्त्री म्हणतो, नुसता आत्यांच्या खोलीवर देऊन भागणार नाही, शेजारच्या स्लॅबची उष्णताही सरकते. सगळ्या गच्चीवर द्या. अर्धी गच्ची दिरांच्या खोलीवर येते. म्हणजे त्यांना विचारावं लागणार. यजमान म्हणतात, तू विचार. मी म्हणते, भाऊ तुमचा आहे. आज मे संपत आला. लेप दिलेला नाही, फोनही केलेला नाही.