जिजी कळवणला जेवून गेली

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर फक्त दुसऱ्यांना घाबरवायला सांगत आलो. आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत कुठलाही कार्यक्रम असो, माईक माझ्याच हातात असतो. त्यामुळे हेही रंगवून सांगतोय असं वाटेल. वाटू द्या... पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

जिजी म्हणजे माझी आजी. नव्वदी ओलांडलेली, ताठ, खणखणीत आवाजाची. तरुणपणी दिंडोरीकडे शेतात मजुरी केली. आजोबा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात लागल्यावर क्वार्टरमध्ये मुलं वाढवली, शिकवली. बुद्धविहारात दर रविवारी पहिली रांग तिची. नवस, उपास, अंगात येणं — नुसतं नाव काढलं तरी ती चप्पल शोधायची. आणि म्हाताऱ्यांना एसटी फुकट झाल्यापासून तर बाई घरात सापडायच्याच नाहीत. आज चांदवड, उद्या सटाणा. नातेवाईक संपले तेव्हा तिने नातेवाइकांचे शेजारी धरले.

फक्त कळवणला जायची नाही. तिथे तिची धाकटी लेक, माझी शोभाआत्या. मूल होईना म्हणून आत्या नवस बोलली, मुलगी झाली आणि घरात देव्हारा आला. जिजीने त्या घरचं पाणी सोडलं. आत्या भेटायला आली की जिजी भिंतीकडे तोंड करून बसायची. झुरत दोघीही होत्या, पण हट्ट एकाच कारखान्यातला!

मागच्या उन्हाळ्यात जिजी पडली, खुबा मोडला, अंथरुणाला खिळली. आत्या येऊन गेली, तेव्हाही हिने डोळे मिटून घेतले. मग एका दुपारी, मी उशाशी बसलेलो असतानाच, ती गेली. गल्लीतले डॉक्टर तपासून नुकतेच उठले होते, तेवढ्यात फोन वाजला. आत्या.

"काय रे, जिजीला एकटीला एसटीत बसवून दिलं? बरी झाली तर कळवायचं नाय का?"

मी वळून खाटेकडे पाहिलं. जिजी तिथेच होती.

आत्या आनंदात बोलत सुटली. जिजी दारात आली म्हणे, पाणी मागितलं. भाकरी आणि ठेचा खाल्ला. आत्या घाईघाईने देव्हाऱ्यावर ओढणी टाकायला लागली, तर जिजी म्हणाली, "राहू दे गं. तुझं घर हाय." मग हात धुतले आणि मागे कांदे साठवायची चाळ बघायला गेली.

"अजून आली नाय. थांब, बोलावते."

"आत्या, नको बोलावू," मी म्हणालो. आणि मग सांगितलं.

आत्याच्या यजमानांनीही जिजीला पाहिलं होतं, पायाही पडले होते. चाळीपर्यंत सोबत गेलो नाही, याचीच त्यांना अजून रुखरुख आहे. डॉक्टर म्हणतात, ऊन होतं, मनाला ध्यास होता, डुलकी लागली असेल. असेल. पण दोघांना एकच स्वप्न, तेही उभ्या उभ्या? आणि मोरीत उष्टं ताट?

मला आजतागायत याचा उलगडा झालेला नाही. जिजीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, शोकसभेत माईक हातात असूनही मी यातलं काही बोललो नाही. पंगती उठल्यावर मात्र आत्याला कोपऱ्यात गाठून उलटतपासणी घेतली — लुगडं कुठलं होतं, पायात काय होतं, लंगडत होती का...

 आत्या पदराला हात पुसत म्हणाली, "कशी आली ते तू शोधत बस, बाबा. माझ्या हातचं जेवून गेली ती. माझं तेवढ्यात भागलं."