डाव्या बाजूचं बटण

बटणं कशी झिजतात ते मला विचारा. कॉलेजात असताना मी हातातल्या व्हिडिओ गेमवर गाड्यांच्या शर्यती इतक्या खेळलेय, की उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता. आधी बटणावरचं अक्षर जातं, मग कड गुळगुळीत होते, मग खालचं रबर बसतं आणि एकदा दाबलेलं बटण वर यायचं नाव घेत नाही. आई म्हणायची, "एवढी भांडी घासली असतीस तर घर चकाकलं असतं."

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लकव्याचा झटका आला आणि त्यांची डावी बाजू गेली, तेव्हा तो गेम कपाटातून पुन्हा बाहेर आला. आण्णांनी उभा जन्म पिकअप चालवली. वारूळवाडीच्या आमच्या घरापासून नारायणगावच्या मार्केटला, टोमॅटोच्या दिवसांत तर जेवायलाही उसंत नसायची. उजवा हात स्टिअरिंगवर, डावा गिअरवर. आता तो डावा हात मांडीवर पडून असायचा आणि गाडी दारात ताडपत्रीखाली.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताई म्हणाल्या, त्या हाताला काहीतरी काम देत राहा. त्यांनी रबरी चेंडू दिला. आण्णांनी तो भिरकावला. "मी काय ल्हान पोर हाय व्हय?" मग मला गेम सुचला. त्यात उजव्या अंगठ्यानं वेग द्यायचा आणि डाव्या अंगठ्यानं गाडी वळवायची. जुन्नरच्या बाजारपेठेत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून मी दोन्हीकडची बटणं नवीकोरी बसवून आणली. पहिल्या दिवशी आण्णांची गाडी सरळ गेली ती भिंतीवर. त्यांना हसू फुटलं. "आसली गाडी हाकली असती तर मार्केटात टमाट्याची चटणीच उतरवली असती की गं!"

मी सकाळच्या एसटीनं जुन्नरला ऑफिसला जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. आल्या आल्या गेम हातात घेऊन बटणं बघायची सवयच लागली. उजव्या बटणावरचं अक्षर लवकरच गेलं, त्यात नवल नव्हतं. पण एका संध्याकाळी डाव्या बटणावरचे बाणसुद्धा पुसट झालेले दिसले आणि मी ओरडलेच. बटण अंगठ्यानं झिजतं, बाकी कशानं झिजत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? "आण्णा, दाखवा ना, दाखवा!"

आण्णा काही बोलायच्या आत आई मध्ये पडली. "सुधारतंय ते माणूस आसं दाखवायचं नसतं. दृष्ट लागती." आणि लगेच मीठ-मिरच्या घेऊन तिनं त्यांची दृष्ट काढली. मी एवढी शिकलेली, पण निमूट ऐकलं. ऐकायला बरं वाटत होतं, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. आण्णांनी "आता घरीच करतो" म्हणून व्यायामाच्या ताईंचं येणं बंद केलं, तेही मला चांगलंच लक्षण वाटलं.

मधेच आळेफाट्याचे एक पावणे पिकअप बघायला आले. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. "गाडी विकायची नाही. मालक पुन्हा चालवणार आहेत," असं उंबऱ्यातूनच सांगितलं. खुर्चीत बसलेले आण्णा खाली फरशीकडं बघत राहिले. मला वाटलं, त्यांना भरून आलं.

पुढं डावं बटण अडकायला लागलं. मी आनंदानं पुन्हा दुकानात गेले. दुकानदारानं ते उघडून बघितलं. "ताई, इथं पीठ साचलंय." मी हसले. म्हटलं, खाता खाता खेळत असतील. उजव्या बटणाखाली पिठाचा कण नव्हता, ते कसं काय, हा प्रश्न मी स्वतःला पडू दिला नाही.

एक दिवस ऑफिसात काम नव्हतं, साहेबांनी दुपारीच सोडलं. घरी आले तर दार उघडंच होतं आणि आतून आण्णांचा आवाज येत होता.

"वळव की! अगं वळव!"

"वळवतीया न्हवं! वराडता कशाला?"

आण्णांच्या खुर्चीच्या डावीकडं, त्यांना खेटून आई स्टुलावर बसली होती. गेम दोघांच्या मध्ये उशीवर. उजव्या बटणावर आण्णांचा अंगठा, डाव्या बटणावर आईचा. तिच्या हाताला भाकरीचं पीठ तसंच होतं. आणि आण्णांचा डावा हात तिच्या मांडीवर, पडलेला. जन्मात सायकलवरसुद्धा न बसलेली माझी आई गाडी वळवत होती आणि दोघं पोरांसारखी हसत होती.

मला बघितलं आणि त्यांची गाडी आदळली.

मी संतापले. काय काय बोलले ते आता लिहवत नाही. शेवटी रडतच म्हटलं, "मला का फसवलंत?" आईच बोलली, "मला नुसतं खेळायचं व्हतं त्यांच्यासंगं. तुला फसवायचं न्हाई. पर तू त्या दिवशी बटण बघितलंस आन् नाचायला लागलीस. आजारपण आल्यापासनं तू हासलीच नव्हतीस गं. मग कुठल्या तोंडानं सांगायचं तुला?"

मला वाटत होतं, आण्णांना धीर मी देतेय. तो हात परत येणार नाही, हे त्या दोघांना केव्हाच कळलं होतं. कळायचं होतं ते फक्त मला.

आळेफाट्याच्या पावण्यांना मीच फोन केला. ते ड्रायव्हरला घेऊन आले. आण्णांनी खुर्ची अंगणात घ्यायला लावली. ताडपत्री निघाली, गाडी चालू झाली, पण रिव्हर्स पडेना. आमच्या गाडीचा रिव्हर्स अवघडच होता, आण्णांशिवाय कुणाला पडायचा नाही. गिअरच्या दात्यांचा खरखर आवाज आला तसे आण्णा कळवळले.

"आसं नाय राव, आसं नाय! खाली दाब, मग आपल्या अंगाकडं..." त्यांना सांगता येईना. त्यांनी उजवा हात उचलला आणि हवेतच गिअर टाकून दाखवायला गेले. हात भलतीकडंच वळला. थांबले, पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. सगळे बघत होते.

आण्णांनी उजवा हात खाली घेतला आणि मांडीवरच्या डाव्या हातावर ठेवला.

"ह्याला म्हाईत हाय वो," ते ड्रायव्हरला म्हणाले. "ह्यालाच म्हाईत हाय."

तेवढ्यात गिअर पडला आणि गाडी मागं सरकली.