तणाचा वाटा किती?

गौरव समितीच्या निमंत्रणपत्रिकेत प्रा. हाळीकर सरांचा उल्लेख 'नुसत्या तणावर मासे पोसणारे संशोधक' असा झाला आहे. तो चुकीचा आहे. पंचाहत्तरीच्या अंकात तरी ही चूक राहू नये, म्हणून मला लिहावे लागत आहे.

आमची पहिली भेट लातूरच्या महाविद्यालयात झाली. मी प्राणिशास्त्राची नवी अध्यापिका. सरांनी मातीसकट उपटलेला तरोटा, म्हणजे टाकळ्याचे तण, माझ्या टेबलावर ठेवला. "बाई, हा वाळवून दळला तर रोहू खाईल का?"

"आधी टेबल पुसा," मी म्हणाले. त्यांनी स्वतःच्या रुमालाने पुसले. तेव्हापासून आम्ही एकत्र काम करत आलो.

सर स्वतः शाकाहारी. पण महागडे खाद्य परवडत नाही म्हणून लोक शेततळ्यातली मत्स्यशेती सोडून देतात, हे त्यांना बघवत नसे. तण ते पारखून घेत. गाजरगवत नाही, तणनाशक मारलेल्या रानातले काहीच नाही.

सरांच्या निवृत्तीनंतर भोकरजवळच्या माझ्या शेतात आम्ही एका तळ्यात फक्त तरोट्याच्या भुकटीचे खाद्य घालून पाहिले. खुरपणीला येणाऱ्या गंगाबाई आणि त्यांच्या सोबतिणी तण वाळवत, तळ्यावरही त्याच असत. प्रयोग साधला तर एक संस्था दळणयंत्र देणार होती, म्हणजे खुरपणी संपल्यावरही या बायांना हाताला काम राहणार होते.

संस्थेचे लोक यायच्या आदल्या दिवशी जाळे टाकले. मासे भरदार निघाले. मी खूश झाले. सर झाले नाहीत. त्यांनी एका माशाचे आतडे उघडून भिंगाखाली धरले. आत सोयाबीनची टरफले होती.

"गंगाबाई, तळ्यात काय टाकलं?"

"मूठ मूठ पेंड टाकत होतो, सर. लेकरू बारीक राहिलं तर वरचं दूध पाजत न्हाई का?"

"मला सांगायचं की."

"सांगितलं असतं तर तुमी टाकू दिली असती व्हय?"

मी बायांना खडसावले. सरांनी मला थांबवले. "बाई, प्रयोग म्हणजे काय, हे आपण त्यांना कधी सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर सर म्हणाले, "मासे चांगले आहेत, पण हा प्रयोग बाद. देखरेख माझी होती, ती कमी पडली." बायांचे नाव त्यांनी घेतले नाही. पाहुणे यंत्राचे काही न बोलता परतले.

"खरं बोलून आमचं काम घालवलंत की हो," गंगाबाई म्हणाल्या.

"घालवलं न्हाई. पुढं ढकललं," सर म्हणाले, आणि प्रयोग नव्याने मांडला. या वेळी पेंड उघडपणे, मोजून, आणि प्रत्येक खाद्याला वेगळे तळे. नुसत्या तणावरचे मासे खुरटले. पेंडीत बेताने तरोटा मिसळला, तेव्हा विकतच्या खाद्याइतकेच वाढले. तण पेंडीची जागा घेत नाही, तिचा काही भार हलका करते. सरांचे काम एवढे आहे आणि ते पुरेसे मोठे आहे. हा निकाल पाहून संस्थेने सरांच्या नावे यंत्र दिले; ते माझ्या शेतातल्या शेडमध्ये बसवले आहे.

मला खरे बोलण्याची सवय होती. खरे बोलताना कुणाला उघडे पाडायचे नसते, हे मी सरांकडून शिकले. त्यांचे हे ऋण मी जाहीरपणे मान्य करते.

सरांना भरपूर आणि निरोगी आयुष्य लाभो. तळ्याचा उतार त्यांनी एकट्याने उतरू नये. ही विनंती नव्हे, ताकीद समजावी.

समारंभानंतरची संपादकीय नोंद: सरांनी शाल-श्रीफळ नाकारले. त्यांच्या इच्छेनुसार समारंभात दळणयंत्र, वाळवणाच्या जाळ्या, चाळण्या आणि शेडची किल्ली गंगाबाईंच्या गटाच्या स्वाधीन करण्यात आली. अट एकच: प्रत्येक पोत्यावर तण किती, पेंड किती, हे ठळक लिहायचे. गंगाबाईंनी अट मान्य करून किल्ली पदराला बांधली.